यंत्राला न सुटणारा प्रश्न आणि आपली पाठ्यपुस्तके

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात साधारणतः तिसऱ्या वर्षाच्या सुमारास एक विषय येतो. कुठे त्याला ‘थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन’ म्हणतात, कुठे ‘ऑटोमॅटा थिअरी’. मराठीत सांगायचे तर हा स्वयंचल यंत्रांचा आणि संगणनक्षमतेचा अभ्यास. विद्यार्थ्यांत या विषयाची ख्याती विशेष चांगली नाही. वर्तुळे काढायची, ती बाणांनी जोडायची, तक्ते भरायचे, ‘पंपिंग लेमा’ नावाची एक सिद्धता पाठ करायची आणि परीक्षा संपली की सारे विसरून जायचे, असा त्याचा सर्वसाधारण प्रवास असतो. याचा उपयोग काय, असे विचारले तर ‘कंपायलर समजायला लागतो’ एवढेच उत्तर मिळते.

आमच्या मते संगणकशास्त्रातील सर्वांत मोलाच्या विषयांत याची गणना व्हायला हवी. त्याची ही दशा होण्यास पाठ्यपुस्तकांची मांडणी आणि आपल्या प्रश्नपत्रिका या दोन्ही गोष्टी कारणीभूत आहेत. म्हणून या लेखात आम्ही जगभर आणि आपल्याकडेही वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांकडे जरा चिकित्सकपणे पाहणार आहोत. पहिले जॉन हॉपक्रॉफ्ट आणि जेफ्री उलमन यांचे १९७९ चे पुस्तक. दुसरी त्याचीच राजीव मोटवानी यांच्या सहकार्याने २००१ मध्ये निघालेली नवी आवृत्ती. आणि तिसरे मायकेल सिप्सर यांचे १९९० च्या दशकात प्रथम प्रसिद्ध झालेले पुस्तक. या तिघांच्या मागे उभा असलेला, पण क्वचितच वाचला जाणारा चौथा मजकूर म्हणजे ॲलन ट्यूरिंग यांचा १९३६ चा मूळ निबंध.

शाळेतील शिक्षकांनी या चर्चेत का पडावे? एक तर या विषयातल्या मूळ कल्पना समजण्यास शालेय गणितापलीकडे फारसे काही लागत नाही. आणि दुसरे, ‘संगणकाला सगळे येते, आज नाही तर उद्या येईल’ हा समज शाळेतच रुजतो. तो समज चुकीचा आहे, हे गणिताने सिद्ध करून दाखवणारा हा विषय आहे.

प्रश्न आधी, यंत्र नंतर

या विषयाचा इतिहास पाठ्यपुस्तकांच्या क्रमाच्या जवळजवळ उलटा आहे. १९२८ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट आणि विल्हेल्म आकरमान यांनी आपल्या तर्कशास्त्रावरील पुस्तकात एक प्रश्न ठळकपणे मांडला : तर्कशास्त्राच्या भाषेत लिहिलेले कोणतेही विधान दिले, तर ते सर्वत्र सत्य आहे की नाही हे ठराविक पायऱ्यांनी, बुद्धी न लढवता, निश्चित सांगता येईल अशी एखादी कृती आहे का? अशी कृती सापडली असती, तर तिने काम भागले असते. पण नाही असे म्हणायचे, तर ‘कृती’ म्हणजे नेमके काय हे आधी ठरवायला हवे. जे अस्तित्वात नाही ते नाही हे सिद्ध करायचे, तर त्याची व्याख्या पक्की हवी.

ही व्याख्या १९३६ मध्ये अमेरिकेत अलोन्झो चर्च यांनी आणि इंग्लंडमध्ये ट्यूरिंग यांनी स्वतंत्रपणे दिली. निबंध सादर केला तेव्हा ट्यूरिंग २३ वर्षांचे होते. दोघांचेही उत्तर एकच होते : अशी कृती नाही. म्हणजे या विषयातले सर्वांत सामर्थ्यवान यंत्र आणि त्याची मर्यादा या दोन गोष्टी आधी आल्या. त्यानंतर १९४३ मध्ये वॉरन मॅकलक आणि वॉल्टर पिट्स यांनी मेंदूतील चेतापेशींची गणिती प्रतिकृती मांडली. तिच्यावरून स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात नियमित भाषांची कल्पना काढली. १९५६ मध्ये नोम चॉम्स्की यांनी भाषेच्या वर्णनाचे तीन नमुने मांडले आणि १९५९ मध्ये मायकेल राबिन व डाना स्कॉट यांनी परिमित यंत्रांचा पायाभूत निबंध लिहिला. लहान यंत्रे मागाहून आली.

पाठ्यपुस्तके मात्र खालून वर चढतात. १९७९ च्या हॉपक्रॉफ्ट-उलमन पुस्तकात १४ प्रकरणे आहेत. ट्यूरिंग यंत्र सातव्या प्रकरणात येते आणि ‘यंत्राला न सुटणारे प्रश्न’ आठव्यात. २००१ च्या आवृत्तीत हेच विषय आठव्या व नवव्या प्रकरणात गेले आहेत. चढण तर्काच्या दृष्टीने सोयीची आहे. सोपे आधी, अवघड नंतर. पण विद्यार्थी ज्या प्रश्नासाठी ही चढण चढतो, तो प्रश्नच त्याला पायथ्याशी कोणी सांगत नाही. सहा-सात प्रकरणे संपेपर्यंत सत्र संपत येते, आणि शिखराचे दोन तास ‘हे परीक्षेत फारसे येत नाही’ या वाक्यावर निघून जातात.

लहान यंत्राचे मोल

याचा अर्थ लहान यंत्रे टाकून द्यावीत असा नाही. उलट ती नीट शिकवली तर शाळेतल्या मुलांनाही आनंद देतील. ‘परिमित यंत्र’ म्हणजे ज्याच्याजवळ ठराविक संख्येच्या अवस्था आहेत, जे एका वेळी एक चिन्ह वाचते, त्यानुसार अवस्था बदलते, मागे वळून पाहत नाही आणि कुठे काही लिहूनही ठेवत नाही असे यंत्र.

उदाहरण म्हणून ७ ने विभाज्यता घेऊ. अशा यंत्राला सात अवस्था पुरतात. ० ते ६ या सात बाक्या. संख्या डावीकडून एकेक अंकाने वाचायची. सध्याच्या बाकीला १० ने गुणून नवा अंक मिळवायचा, ७ ने भागायचे आणि जी बाकी उरेल ती नवी अवस्था. २३४५ ही संख्या घ्या. २ वाचल्यावर अवस्था २. मग २३ ची बाकी २. मग २४ ची बाकी ३. मग ३५ ची बाकी ०. संख्या ७ ने विभाज्य आहे (७ × ३३५). संख्या चार अंकी असो की चार हजार अंकी, यंत्राला सातच अवस्था लागतात. आपण वहीत जो लांब भागाकार करतो, तो भागाकार वजा केला की उरणारे यंत्र हेच आहे. शिक्षकांच्या हाती वर्षानुवर्षे असलेली गोष्ट, पण तिला हे नाव आहे हे आपण मुलांना सांगत नाही.

दुसरे उदाहरण देवनागरीचे. व्यंजनानंतर काना-मात्रा चालते. एका वेलांटीवर दुसरी वेलांटी चालत नाही. व्यंजनाला हलन्ताचे चिन्ह लावून पुढे व्यंजन आले तर जोडाक्षर होते. हे नियम चार-पाच अवस्थांच्या यंत्रात बसतात. संगणकावर मराठी टंकलेखन करताना मात्रा चुकीच्या जागी पडली की ठिपक्यांचे वर्तुळ उमटते, ते अनेकांनी पाहिले असेल. अक्षरे जुळवणारा प्रोग्रॅम अक्षराची रचना अशाच यंत्राच्या पद्धतीने तपासतो आणि जुळले नाही की ते वर्तुळ दाखवतो.

पुस्तकांतील उदाहरणे काय आहेत? सिप्सर आपोआप उघडणाऱ्या दारापासून सुरुवात करतात. मोटवानी यांच्यासह निघालेली आवृत्ती विजेच्या बटणापासून आणि पुढे ग्राहक, दुकान व बँक यांच्यातील इलेक्ट्रॉनिक पैशाच्या देवघेवीपासून. उदाहरणे चांगली आहेत. पण आपल्या प्रश्नपत्रिकांत त्यांचा मागमूस राहत नाही. तेथे राहते ते ‘०१ ने संपणाऱ्या सर्व चिन्हमालिका ओळखणारे यंत्र काढा’. हा प्रश्न वाईट नाही. पण तो दहा वेळा, अंक बदलून विचारला की विचाराचा सराव थांबतो आणि हाताचा सराव उरतो.

पंपिंग लेमा : मंत्र की विचार?

सर्वांत दुर्दैवी अवस्था या प्रमेयाची आहे. परिमित यंत्राला कोणत्या गोष्टी ओळखता येत नाहीत हे दाखवण्यासाठी ते वापरतात. विद्यार्थी त्यातली अक्षरे, असमानता आणि ‘असे एक अस्तित्वात आहे की’, ‘प्रत्येकासाठी’ ही वळणे पाठ करतात. त्यामागची कल्पना मात्र सहावी-सातवीच्या मुलाला समजेल अशी आहे.

कंस बरोबर जुळले आहेत का, हे तपासणारे परिमित यंत्र आहे असे समजू. त्याला १० अवस्था आहेत असे धरा. आता त्याला नुसते उघडणारे कंस द्यायचे : एकही नाही, एक, दोन, तीन, असे दहापर्यंत. या झाल्या अकरा निरनिराळ्या परिस्थिती. अवस्था मात्र दहाच. अकरा कबुतरे दहा खुराड्यांत बसवली तर एका खुराड्यात निदान दोन येणारच. समजा, चार कंसांनंतर आणि सात कंसांनंतर यंत्र एकाच अवस्थेत आहे. आता दोन्ही वेळा पुढे चार बंद होणारे कंस द्या. पहिल्या वेळी उत्तर ‘बरोबर’ यायला हवे, दुसऱ्या वेळी ‘चूक’. पण यंत्राची अवस्था एकच, पुढची चिन्हेही तीच. मग उत्तरे वेगळी कशी येणार? म्हणजे असे यंत्र नाही. दहाऐवजी दहा लाख अवस्था घेतल्या तरी युक्तिवाद तोच.

येथे चाणाक्ष विद्यार्थी विचारतो, “खऱ्या संगणकाची स्मृती तरी अमर्याद कुठे असते?” या प्रश्नाला आपल्या वर्गांत अनेकदा गप्प बसवले जाते. त्याचे उत्तर द्यायला हवे. काटेकोरपणे पाहिले तर खरा संगणक परिमितच आहे. पण एक किलोबाइट एवढ्या क्षुल्लक स्मृतीत ८१९२ बिट असतात, आणि त्यांच्या शक्य अवस्थांची संख्या लिहायला २४६७ अंक लागतात. एवढ्या अवस्थांचा तक्ता कोणी मांडू शकत नाही. म्हणून संगणकाबद्दल विचार करताना अमर्याद फितीचे यंत्र हीच अधिक उपयोगी कल्पना ठरते. प्रतिकृती निवडणे म्हणजे काय, याचा हा सुंदर धडा आहे.

पाठांतराची किंमत व्यवहारातही मोजावी लागते. मजकुरात विशिष्ट नमुना शोधण्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ वापरतात. १९६८ मध्ये केन थॉम्पसन यांनी त्यासाठी एक पद्धत प्रसिद्ध केली : यंत्राच्या सर्व शक्य अवस्था एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून मजकूर पुढे वाचत जायचा. ही राबिन-स्कॉट यांच्याच कल्पनेची सावली आहे, आणि तीत मजकूर दुप्पट झाला तर कामही साधारण दुप्पटच होते. पुढे आलेल्या अनेक संगणकभाषांनी मात्र एकेक शक्यता आजमावून मागे फिरण्याची पद्धत स्वीकारली. तीत काही नमुन्यांना लागणारा वेळ भयानक वेगाने वाढतो. २ जुलै २०१९ रोजी क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या यंत्रणेत असाच एक नमुना शिरला आणि जगभरातील असंख्य संकेतस्थळे सुमारे २७ मिनिटे बंद पडली. कंपनीने स्वतःच त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. परीक्षेत ज्या रूपांतराचा तक्ता मुले डोळे मिटून भरतात, त्याचाच हा विषय होता.

चौकटींच्या वहीतला माणूस

आता ट्यूरिंग यंत्राकडे येऊ. हॉपक्रॉफ्ट-उलमन असोत वा सिप्सर, दोन्ही पुस्तके त्याची औपचारिक व्याख्या सात घटकांची यादी म्हणून देतात : अवस्था, चिन्हे, नियम, सुरुवातीची अवस्था इत्यादी. व्याख्या अचूक आहे. पण एक लांब फीत, तिच्यावर पुढे-मागे सरकणारे एक वाचनशीर्ष आणि नियमांचा एक तक्ता, एवढ्याशा साधनाला ‘जे जे संगणन शक्य आहे ते सर्व’ करता येते, हे विद्यार्थ्याने का मानावे? सिप्सर हिल्बर्टच्या दहाव्या प्रश्नाची कथा सांगतात, तो १९७० मध्ये युरी मात्यासेविच यांनी कसा निकालात काढला हे सांगतात, यंत्राचे वेगवेगळे प्रकार सामर्थ्याने सारखेच ठरतात हे दाखवतात. हे सारे उत्तम. तरीही ट्यूरिंग यांचा मूळ युक्तिवाद या पुस्तकांतून विद्यार्थ्याच्या हाती पडत नाही, आणि आमच्या मते ही त्यांतली सर्वांत मोठी उणीव आहे.

१९३६ मध्ये ‘कॉम्प्युटर’ या शब्दाचा अर्थ आकडेमोड करणारा माणूस असा होता. ट्यूरिंग आपल्या निबंधाच्या नवव्या भागात अशाच माणसाचे निरीक्षण करतात. शाळकरी मुलाच्या गणिताच्या चौकटींच्या वहीवर तो आकडे लिहीत आहे. एका दृष्टिक्षेपात त्याला मोजक्याच चौकटी दिसतात. चिन्हांचे प्रकार मर्यादित असले पाहिजेत, नाही तर दोन चिन्हांतला फरक इतका सूक्ष्म होईल की ती ओळखताच येणार नाहीत. त्याच्या मनाच्या अवस्थाही मर्यादित. तो एका वेळी एका चौकटीत बदल करतो. मध्येच उठून जावे लागले तर पुढे काय करायचे याची चिठ्ठी ठेवून जातो आणि परत येऊन तेथूनच काम सुरू करतो. वहीचे पान दोन दिशांना पसरलेले असले तरी आकडेमोडीला ते अत्यावश्यक नाही. चौकटींची एक लांब पट्टी पुरते. एवढे मान्य केले की ट्यूरिंग यंत्र आपोआप उभे राहते. ती फीत म्हणजे आपल्याच चौकटींची वही आहे!

हा युक्तिवाद गुणाकार शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाच्या परिचयाचा आहे. हातचा घेणे म्हणजे अवस्था लक्षात ठेवणे, पुढच्या घराकडे जाणे म्हणजे डावीकडे सरकणे. शंभर अंकी दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या मुलाला शंभर अंक डोक्यात ठेवावे लागत नाहीत. ‘हातचा आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच पुरते. संगणकाचा तात्त्विक पाया अशा रीतीने आपल्याच वर्गात सापडतो, आणि पाठ्यपुस्तक तो सात अक्षरांच्या यादीत झाकून टाकते.

पारखी आणि उफराटा

आता मुख्य प्रश्न. एखादा प्रोग्रॅम दिला आणि त्याला द्यायची माहिती दिली, तर तो कधी तरी थांबेल की अनंत काळ चालत राहील, हे अचूक सांगणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिता येईल का? ‘चालवून पाहा’ हे उत्तर पुरत नाही. कारण तासभर थांबला नाही म्हणजे कधीच थांबणार नाही असे नव्हे.

असा प्रोग्रॅम आहे असे गृहीत धरू आणि त्याला ‘पारखी’ म्हणू. तो ‘थांबेल’ किंवा ‘थांबणार नाही’ यांपैकी एक उत्तर नेहमी देतो, आणि ते नेहमी बरोबर असते. आता त्याच्या मदतीने आपण ‘उफराटा’ नावाचा प्रोग्रॅम लिहू. उफराट्याला कोणत्याही प्रोग्रॅमचा मजकूर द्यायचा. तो पारख्याला विचारतो : “हा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्याच मजकुरावर चालवला तर थांबेल का?” पारखी ‘थांबेल’ म्हणाला, तर उफराटा मुद्दाम अनंत फेऱ्यांत अडकतो. पारखी ‘थांबणार नाही’ म्हणाला, तर उफराटा लगेच थांबतो. आता उफराट्याला उफराट्याचाच मजकूर द्या. तो थांबला, तर त्याचा अर्थ पारख्याने ‘थांबणार नाही’ असे सांगितले. म्हणजे पारखी चुकला. तो थांबला नाही, तर पारख्याने ‘थांबेल’ असे सांगितले. म्हणजे पुन्हा पारखीच चुकला. चूक न करणारा पारखी असूच शकत नाही.

एवढीच सिद्धता. तिला संगणकाचा वेग, स्मृती, भाषा यांच्याशी काही देणेघेणे नाही. शंभर वर्षांनी येणाऱ्या संगणकालाही ती लागू आहे. ट्यूरिंग यांच्या निबंधात ती नेमकी या शब्दांत नाही. तेथे अखंड अंक छापत राहणाऱ्या यंत्रांची चर्चा आहे आणि ‘थांबण्या’ची मांडणी नंतरच्या गणितज्ञांनी केली. गाभा मात्र तोच आहे.

२००१ च्या आवृत्तीचे आम्हांला येथे खास कौतुक करावेसे वाटते. तिचे आठवे प्रकरण ट्यूरिंग यंत्राची व्याख्या देण्याआधी साध्या प्रोग्रॅमने सुरू होते. ठराविक स्वागताचे दोन शब्द छापणारा प्रोग्रॅम प्रत्येक नवशिक्या लिहितो. लेखक विचारतात, एखादा प्रोग्रॅम ते शब्द छापेल की नाही, हे दुसऱ्या प्रोग्रॅमला सांगता येईल का? आणि मग फेर्माच्या प्रसिद्ध समीकरणाची उत्तरे शोधणारा, सापडले तरच ते शब्द छापणारा प्रोग्रॅम दाखवतात. गोल्डबाख यांच्या १७४२ च्या अनुमानावरून हेच करता येईल. दोनपेक्षा मोठी सम संख्या एकेक घेत जायची आणि दोन मूळ संख्यांची बेरीज म्हणून न मांडता येणारी संख्या सापडली तर थांबायचे. हा प्रोग्रॅम दहा-पंधरा ओळींचा आहे. तो थांबेल का हे आजही कोणाला माहीत नाही. पारखी असता तर गणितज्ञांची पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळाची मेहनत एका प्रश्नात संपली असती.

हे प्रकरण आठवे का, पहिले का नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

दोन अतिशयोक्ती

विषय रंजक करून सांगणाऱ्यांकडून मात्र दोन प्रकारच्या अतिशयोक्ती होतात. पहिली अशी की ‘थांबण्याचा प्रश्न सुटत नाही’ म्हणजे कोणत्याच प्रोग्रॅमबद्दल काही सांगता येत नाही. हे खोटे आहे. सर्व प्रोग्रॅमना पुरेल अशी एक कृती नाही, एवढेच सिद्ध झाले आहे. एकेका प्रोग्रॅमबद्दल भरपूर सांगता येते. याचे ताजे उदाहरण ‘बिझी बीव्हर’चे आहे. टिबोर राडो यांनी १९६२ मध्ये विचारले : इतक्या अवस्थांची, दोनच चिन्हे वापरणारी, कोऱ्या फितीवर सुरू होऊन शेवटी थांबणारी यंत्रे घेतली, तर त्यांतले सर्वांत जास्त पायऱ्या चालणारे किती चालते? तीन अवस्थांसाठी उत्तर २१, चारसाठी १०७. पाच अवस्थांची यंत्रे सुमारे १६ लाख ६८ हजार कोटी आहेत. २०२४ मध्ये हौशी व व्यावसायिक अभ्यासकांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने त्या सर्वांचा निकाल लावला आणि उत्तर ४,७१,७६,८७० असल्याची संगणकाने पडताळलेली सिद्धता दिली. सहा अवस्थांसाठी मात्र अशी यंत्रे सापडली आहेत, की त्यांचे थांबणे न थांबणे हे गणितातील न सुटलेल्या प्रश्नांसारख्याच अवघड प्रश्नांवर अवलंबून आहे. शक्य आणि अशक्य यांची सीमा इतकी जवळ आहे.

दुसरी अतिशयोक्ती अशी की यावरून माणूस यंत्रापेक्षा श्रेष्ठ ठरला. रॉजर पेनरोज यांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात या दिशेचा युक्तिवाद विस्ताराने केला आहे. ट्यूरिंग यांनी मात्र १९५० च्या निबंधातच या आक्षेपाला उत्तर देऊन ठेवले होते : यंत्राला मर्यादा आहे हे सिद्ध झाले, पण माणसाला ती नाही हे कोणी सिद्ध केलेले नाही. शिक्षकांनी वर्गात हा विषय काढताना येथे थांबावे. ‘बघा, यंत्र हरले’ असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. पण त्यात ट्यूरिंग यांची सचोटी हरवते.

सध्या प्रश्नांची उत्तरे देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी विद्यार्थी भारावून गेले आहेत. ती साधनेही संगणकावरच चालतात, म्हणून पारख्याची मर्यादा त्यांनाही लागू आहे. त्यांनी एखाद्या प्रोग्रॅमबद्दल ‘हा कधीच अडकणार नाही’ असे कितीही ठामपणे सांगितले, तरी ते प्रत्येक वेळी बरोबर असेल अशी खात्री तत्त्वतः देता येत नाही. संगणकातील विषाणूंबाबत फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकात हेच दाखवले : प्रत्येक विषाणू ओळखणारा आणि निर्दोष प्रोग्रॅमवर कधीही आळ न घेणारा परिपूर्ण संरक्षक बनवता येत नाही. हे ज्ञान नागरिकाच्या उपयोगाचे आहे, केवळ अभियंत्याच्या नव्हे.

कोणते पुस्तक कोणाला?

१९७९ चे पुस्तक आटोपशीर, कठोर आणि गणिताची गोडी असलेल्यांसाठी आहे. त्यातली तारांकित उदाहरणे आजही घाम फोडतात. २००१ च्या प्रस्तावनेत लेखक मोकळेपणाने मान्य करतात की, पूर्वी हा संशोधनाचा जिवंत प्रांत होता, आता थेट संशोधन थोडे उरले आहे. म्हणून त्यांनी भाषा सैल व उदाहरणे अधिक केली. वाचनीयता वाढली, पण पहिल्या पुस्तकातला आव्हानाचा सूर काहीसा मंदावला. स्वतःच्या बळावर शिकणाऱ्यास आम्ही सिप्सर सुचवू. प्रत्येक महत्त्वाच्या सिद्धतेआधी ते ‘सिद्धतेमागची कल्पना’ वेगळी सांगतात. ही सवय प्रत्येक गणितशिक्षकाने उचलावी अशी आहे. मूळ निबंध वाचायचा असेल त्यांच्यासाठी चार्ल्स पेट्झोल्ड यांचे २००८ चे पुस्तक आहे; ते ट्यूरिंग यांचा निबंध परिच्छेदामागून परिच्छेद समजावून देते.

आपल्याकडील एका उणिवेचाही उल्लेख करायला हवा. १९६७ मध्ये पीटर इंगरमन यांनी संगणकभाषांचे व्याकरण लिहिण्याच्या बॅकस यांच्या पद्धतीला पाणिनीचेही नाव द्यावे, असे सुचवले. ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. पण पाणिनीचे एखादे सूत्र घेऊन नियमाने रूप कसे सिद्ध होते हे फळ्यावर करून दाखवत नाही. तसेच १९७४ मध्ये मद्रासच्या गिफ्ट सिरोमनी, रानी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी कोलमच्या आकृत्यांचे व्याकरण मांडले. ठिपक्यांची रांगोळी घराघरांत असलेल्या महाराष्ट्रात हे उदाहरण वर्गात यायला किती सोपे आहे!

आमची सूचना साधी आहे. महाविद्यालयात पहिल्याच तासाला पारखी आणि उफराटा यांची गोष्ट सांगावी, मग खाली उतरून लहान यंत्रे शिकवावीत आणि शेवटी पुन्हा वर जावे. प्रश्नपत्रिकेत ‘यंत्र काढा’ याच्या जोडीला ‘असे यंत्र का नाही, हे आपल्या शब्दांत सांगा’ असा एक तरी प्रश्न असावा. आणि शाळेत? आठवी-नववीच्या मुलांना ११ ने विभाज्यता तपासणारे यंत्र वहीत काढायला द्या. किती अवस्था लागतील ते त्यांनाच ठरवू द्या. मग विचारा, कंस जुळवायला किती लागतील? मुले पाच म्हणतील, दहा म्हणतील, शंभर म्हणतील. कोणी तरी ‘कितीही घेतल्या तरी पुरणार नाहीत’ असे म्हणेपर्यंत उत्तर सांगण्याची घाई करू नये.